ओट्याभोवती : फोडणी सोसणारी चित्रं

या वेळच्या पत्रांत सिंकची खोली, ट्रॉलीचे चॅनल, चिमणीचा आवाज यांबद्दल कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांना भिंतीबद्दल बोलायचंय. भिंतीवर काय लावू, काय रंगवू, आईची भांडी कुठे मांडू. मला हे आवडलं. माझी अट नेहमीचीच: स्वयंपाकघरात जे लावाल ते फोडणी सोसणारं हवं आणि ओल्या फडक्याने पुसता येणारं हवं. दुसरी अट जरा खाजगी आहे, ती उत्तरांतून कळेल.

प्रश्न : डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे, स्वतःचा. किचन आठ बाय सात फूट. गॅसमागच्या टाइल्स काढून तिथे वारली चित्रं रंगवून घ्यावीत असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, आठवड्यात तेलकट होतील. कोण बरोबर? (नवीन संसार, डोंबिवली)

नवरा. पण त्याला लगेच सांगू नका, कारण त्याचं बरोबर आहे ते फक्त जागेपुरतं.

शेगडीमागच्या भिंतीइतके हाल घरातल्या दुसऱ्या कुठल्याच भिंतीचे होत नाहीत. फोडणीचे शिंतोडे, हळद, कुकरच्या शिट्टीबरोबर उडालेलं वरण, आणि रात्री ते सगळं घासणारी आपली तारेची घासणी. तिथल्या टाइल्स राहू द्या. चित्रासाठी समोरची भिंत बघा, म्हणजे स्वयंपाक करताना पाठीमागे येते ती. तिथे फ्रीज असेल तर दाराच्या चौकटीवरचा पट्टा घ्या. आठ बाय सातच्या किचनमध्ये दीड फूट उंच आणि दारापासून कोपऱ्यापर्यंत लांब असा पट्टा भरपूर होतो. सगळ्या भिंती रंगवल्यात तर खोली आणखी लहान वाटेल.

वारली मुळात झोपडीच्या आतल्या भिंतीवरची कला. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवलेली, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या. त्यात मधोमध पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे १९७०च्या दशकापासून ही चित्रं कागदावर आणि कापडावर आली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हे सांगते, कारण पुष्कळ जण इंटरनेटवरून तो देवीचा चौक उचलतात आणि मिक्सरच्या वर छापून मोकळे होतात. तो लग्नविधीचा भाग आहे. मिक्सरवर तो मला बरा वाटत नाही.

फ्लॅटमध्ये तांदळाचं पीठ वापरू नका, पहिल्या फडक्यालाच निघून येईल. खाली धुता येणाऱ्या इमल्शनचा गेरूच्या जवळचा रंग द्या, त्यावर पांढरं ॲक्रिलिक, आणि पूर्ण वाळल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या, चमक नसलेल्या पारदर्शक वॉर्निशचे दोन हात. तकतकीत वॉर्निश लावलंत तर ट्यूबलाइटचा पट्टा चित्राच्या मधोमध दिसत राहील.

आता नवऱ्याचं जिथे चुकतं ते. बाजारात स्टेन्सिल मिळतात: एक तारपा, दोन झाडं, एक बैलगाडी, सगळीकडे तेच. त्यापेक्षा डहाणू, जव्हार, विक्रमगड भागातल्या एखाद्या कलाकाराला बोलवा. प्रदर्शनांत ही मंडळी भेटतात, फोन नंबर देतात. त्यांना सांगा, आमच्या घरातलं काढा. वारली चित्रकार आगगाडी काढतात, विमानं काढतात, त्यांना त्याचं काहीच वावडं नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभी केलेली ती माणसं सकाळच्या फास्ट लोकलला लटकलेली काढली, तर डोंबिवलीकराच्या घरात त्याहून जास्त आपलं चित्र कुठलं? नवऱ्याला त्यात दारातला चौथा माणूस करा. मग तो तेलाबद्दल बोलणार नाही.

प्रश्न : सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर पोत्यांत आहेत. घंगाळ, तीन पराती, कळश्या, पुरणयंत्र, सोऱ्या, तेलाचा कावळा, ओगराळी, दोन अडकित्ते. जाऊबाई म्हणतात मोडीत काढा. मला ती स्वयंपाकघरात मांडायची आहेत, पण दुकान मांडल्यासारखं नको. (धाकटी सून, सांगली)

मोडीत काढू नका. जाऊबाईंना सांगा, मोड देताना वजनाचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत.

दुकान का दिसतं ते सांगते. दुकानात एकाच फळीवर कळशी, समई, परात, गणपती असं सगळं एकत्र असतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते बघा. मोर, घोडे, माणसं, कितीतरी आकार. पण अडकित्ते अडकित्त्यांबरोबर आणि दिवे दिव्यांबरोबर. म्हणून डोळा एका आकारातले फरक बघत राहतो. दिनकर केळकरांनी घराघरांतून ज्या वस्तू गोळा केल्या त्यांतल्या बऱ्याचशा अशा रोजच्या वापरातल्याच होत्या, राजवाड्यातल्या नव्हेत.

तुमच्याकडच्या तीन पराती म्हणजे तयार चित्र आहे. जेवणाच्या टेबलामागच्या मोकळ्या भिंतीवर तीन वेगवेगळ्या मापांची वर्तुळं, मधे वीतभर अंतर, सरळ रेषेत नको. परातीला भोक पाडू नका. मागून काठाला धरणारे तारेचे हूक मिळतात, मोठ्या परातीसाठी वेल्डरकडून पट्टीचे करून घ्या. एक गोष्ट मात्र आधी तपासा. भिंत जुन्या विटांची असेल तर खिळा धरेल, नव्या बांधकामातल्या हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग काही दिवसांत सैल होतो. त्यासाठी वेगळा प्लग लागतो, हार्डवेअरवाल्याला ‘ब्लॉकची भिंत आहे’ एवढं सांगितलं की तो देतो.

ओगराळी, झारे, पळ्या, कावळा हे ओट्याजवळ एका दांडीवर. आणि ते वापरायचे. अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड म्हणून प्रसिद्ध पाककलालेखिका होऊन गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात भोकांच्या फळीवर प्रत्येक कढईची, पातेल्याची बाह्यरेषा नवऱ्याने रंगवून ठेवली होती, म्हणजे कुठलं भांडं कुठे परत टांगायचं ते बघताक्षणी कळावं. २००१ साली त्यांनी ते अख्खं स्वयंपाकघर स्मिथसोनियन संस्थेला देऊन टाकलं, आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ही युक्ती आपल्याकडे फार छान बसते. प्लायच्या फळीला गडद हिरवा किंवा काळा रंग द्या, भांडी टांगून बघा, पांढऱ्या रंगाने त्यांची रेषा काढा. भांडं वापरात असलं तरी त्याची रेषा भिंतीवर राहते. शिवाय घरातल्या प्रत्येकाला कळतं की झारा परत आलेला नाही.

चकाकीचं काय? जे वापरणार त्याला लाखेचा किंवा कुठलाही पारदर्शक थर देऊ नका. चिंच, मीठ, राख जे तुम्ही लावता ते लावा. ज्यात आंबट शिजवणार त्याला आतून कल्हई हवीच, नाहीतर ताक-आमटी कळकते आणि ते पोटाला वाईट. फक्त शोभेच्या पराती एकदा घासून, पूर्ण कोरड्या करून त्यांना पारदर्शक लॅकर दिला तर वरचेवर घासाव्या लागत नाहीत. खरं सांगू? थोडी काळवंडलेली परात मला जास्त आवडते. पोचे आले असतील तर पुण्यात कसब्यातली तांबट आळी आहे. ठोकून ठोकून पृष्ठभागावर बारीक चकत्या उठवायचं माठारकाम तिथे अजून चालतं, तुमच्याकडेही जुने कारागीर विचारून बघा.

घंगाळ? ते स्वयंपाकघरात नको. बाल्कनीत पाणी भरून फुलं सोडा. आणि चिमणीच्या डोक्यावर काहीही मांडू नका. तेलाचा धूर आणि धूळ मिळून तिथे जे जमतं ते चिंचेलाही दाद देत नाही.

प्रश्न : वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघरात लाल रंगाचं चित्र कोणत्या दिशेला लावावं? (वाचक, नाशिक)

ज्या दिशेला शेगडी नाही आणि ऊन थेट पडत नाही तिथे. लाल रंग उन्हात लवकर विटतो. बाकीचं तुमच्या गुरुजींना विचारा.

प्रश्न : वाकडमध्ये रीसेलचा फ्लॅट घेतला. किचनच्या टाइल्स पांढऱ्या, चांगल्या आहेत, पण मधे मधे पाच ‘हायलायटर’ आहेत. द्राक्षांचा घड, हिरवं सफरचंद, वाफाळता कॉफीचा कप आणि इंग्रजीत ‘किचन’ असं लिहिलेलं. सगळ्या टाइल्स फोडायला पैसे नाहीत. स्टिकर लावू का? (दोघं नोकरीवाले, पुणे)

ते कॉफीचे कप! पुण्यातल्या किती घरांत मी ते पाहिले असतील. आणि घरात सगळे चहा पिणारे.

स्टिकर नको. गॅसच्या उष्णतेने कडा सुटतात, सुटलेल्या कडेत तेल शिरतं, आणि मग काढताना निम्मा गोंद टाइलवरच राहतो. टाइलवर द्यायचे एपॉक्सी रंग असतात, तेही सिंकपाशी सोलवटताना मी पाहिलेत.

पाचच आहेत ना? मग पाचच काढा. जपून काम करणारा मिस्त्री भोवतीचा सांधा आधी खरवडून मोकळा करतो, मग टाइल मधोमध फोडून आतून बाहेर काढत येतो, त्यामुळे शेजारच्या टाइलला धक्का लागत नाही. त्या वयाच्या इमारतींत भिंतीच्या टाइल्स बहुधा बारा बाय अठरा इंचांच्या असतात. हाताने रंगवलेल्या टाइल्स बहुतेक सहा बाय सहा. म्हणजे एक टाइल काढून झालेल्या खिडकीत बरोबर सहा बसतात, दोन आडव्या, तीन उभ्या. मधल्या सांध्यांना जागा हवी म्हणून मिस्त्रीला कडा दोनेक मिलिमीटर घासून घ्यायला सांगा, नाहीतर तो ऐनवेळी ‘मॅडम, बसत नाही’ म्हणेल.

जयपूरच्या निळ्या टाइल्स घेऊ शकता. त्यात नेहमीची माती नसते, गारेची पूड, काच आणि मुलतानी माती असते. दिसायला अप्रतिम, पण ठिसूळ. म्हणून शेगडी आणि सिंकपासून लांबच्या खिडकीत त्या लावा. माझा खरा आग्रह वेगळा आहे. साध्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स विकत घ्या, पोर्सेलीनवर रंगवायचे रंग आणा आणि तुम्ही दोघं बसून रंगवा. पुण्यात मातीकाम शिकवणारे पुष्कळ स्टुडिओ आहेत, ते साधारण ७५० ते ८०० अंशांवर भट्टीत भाजून देतात. आधी एक टाइल भाजून बघा, कारण सगळ्याच टाइल्सची झिलई दुसरी भट्टी सोसत नाही. भाजल्यावर रंग झिलईत मुरतो, रोजच्या पुसण्याने जात नाही.

काय रंगवायचं? तुमच्या घरात जे शिजतं ते. ही माझी ती दुसरी अट. तुम्ही दोघं कुठले हे लिहिलं नाहीत, पण एकाच्या गावी शेवगा असेल, दुसऱ्याच्या घरी अळूची पानं धुऊन पाटावर पालथी घातलेली असतील. शेवग्याची शेंग उभ्या तीन टाइल्सवर किती झकास जाते बघा, चित्र चांगलं यायची गरजही नाही, लांब हिरवी रेघ काढता आली की पुरे. चहाचं पातेलं उतू जातंय असं काढलंत तरी मला चालेल.

पाचांपैकी एखादी टाइल नेमकी शेगडीमागे असेल तर तिथे चित्राची हौस सोडा आणि मागून रंग दिलेली टफन काच लावा. स्विचबोर्डाची भोकं आधीच मोजून द्या. एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही.

प्रश्न : कुडाळजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे, मंगलोरी कौलांचं. पणजीत पाहिल्या तशा निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज टाइल्स रांधपाच्या खोलीत लावायच्या आहेत. पावसात टिकतील का? खरी हाताने रंगवलेली टाइल ओळखायची कशी? (निवृत्त शिक्षक, सिंधुदुर्ग)

गुरुजी, पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातली भिंत तुम्ही पाहिली असेलच. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं १९३५चं काम. समुद्र, जहाजं, सरदार, सगळं निळ्या रंगात. तो निळा कोबाल्टचा. आधी पांढरी झिलई, तिच्यावर कुंचल्याने रंग, आणि मग पुन्हा भट्टी. तशी टाइल पावसाने जात नाही. टाइलचं काही होत नाही, होतं ते मागच्या भिंतीचं.

चिरा पाणी पितो. पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि वाळताना मिठासारखी पांढरी पूड बाहेर ढकलते. टाइल थेट भिंतीला चिकटवलीत तर ती पूड मागून टाइल सुटी करते. म्हणून दिवाळीनंतर, भिंत कोरडी झाल्यावर बघा, गुडघ्याच्या खाली पूड दिसते का. दिसत असेल तर टाइल्स सिमेंटच्या फळीवर लावून घ्या आणि ती फळी भिंतीपासून बोटभर अंतरावर, गंज न धरणाऱ्या स्क्रूने टांगा. मागे वारा खेळतो. उद्या घर मुलाने पाडलंच तर टाइल्स तरी वाचतील.

ओळखायचं असं: कुंचल्याच्या रेषेत कुठे दाट, कुठे पातळ दिसतं, दोन टाइल्सवरचं फूल तंतोतंत सारखं नसतं. छापील नक्षीत नीट बघितलं तर बारीक ठिपके दिसतात. कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून बघायला दुकानदाराची परवानगी मागा. भाजलेला रंग हलत नाही, आणि तो परवानगी देत नसेल तर पुढचं दुकान गाठा. मारिओ मिरांडांच्या रेखाचित्रांच्या टाइल्सही गोव्यात मिळतात. त्यांतली बाजारातली, मासळीवाल्यांची चित्रं रांधपाच्या खोलीला शोभतात.

फ्रान्समधल्या जिव्हर्नीला मोने या चित्रकाराचं घर आहे. तिथल्या स्वयंपाकघरात निळ्या टाइल्स आणि त्यांच्यावर टांगलेली तांब्याची भांडी असा मेळ आहे. तुमच्याकडे तांब्याचा हंडा, तपेली असणारच. निळ्याशेजारी तांबं ठेवून बघा.

पण एक विचारते. पिंगुळी तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर मंडळींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. त्यातल्या माणसांचे ते मोठे डोळे, बाजूने दाखवलेले चेहरे, रामायणाचे प्रसंग. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. निळी टाइल जरूर लावा, पण चार घरं गोव्यात तशीच दिसतील. चित्रकथीचा कागद मात्र कोकणातल्या स्वयंपाकघरात लावू नका, एका पावसाळ्यात बुरशी धरेल. तो माजघरात, काचेत, भिंतीला न टेकवता. पाटावर बसून जेवताना दिसेल अशा उंचीवर.

प्रश्न : मी दरवर्षी चैत्रांगण काढते. घराचं नूतनीकरण चाललंय, अंगण उरलं नाही. स्वयंपाकघरात एका भिंतीवर ते कायमचं रंगवून घ्यावं असं वाटतं. सूनबाईंना मात्र सगळं पांढरं आणि करडं हवंय, दांड्याही न दिसणाऱ्या कपाटांचं. तिचं म्हणणं, चित्रविचित्र नको. (आजी, वाई)

आजी, आधी सूनबाईंशी बोलते. अगं, पांढरा क्वार्ट्झचा ओटा घेते आहेस का? हळद पडली की लगेच पुस. राहिलाच डाग तर खिडकीतून ऊन येऊ दे, हळदीचा पिवळा रंग उन्हात फिका होतो. आणि पांढऱ्या-करड्या खोलीत बघायला एक तरी जागा लागते. ती आजींनी दिली तर डिझायनरचे पैसे वाचतील.

आता आजी, तुमच्यासाठी. चैत्रांगण पुसून परत काढायचं असतं, गौरीच्या पाहुणचाराचे ते दिवस संपले की जायचं असतं. भिंतभर कायम रंगवलं तर श्रावणात, मार्गशीर्षातही पाळण्यातली गौर तिथेच. मला वाटतं तुम्हालाच ते खटकेल. म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा ठेवते.

पहिली: साठवणीच्या उंच कपाटाच्या दाराची आतली बाजू. बाहेरून सूनबाईंचं करडं, दार उघडलं की तुमचं. आतून काळं लॅमिनेट लावून घ्या आणि खडूने काढा. दर चैत्रात नवं. नातवंडांना खाली एक कोपरा द्या, नाहीतर ती वर चढतील.

दुसरी मला जास्त आवडते. ग्रॅनाइटच्या नावाच्या पाट्या कोरणारे कारागीर असतात, काळ्या दगडात अक्षरं खोदून त्यात रंग भरणारे. त्यांच्याकडून ओट्यावरच्या भिंतीसाठी चार इंच उंचीची काळी पट्टी कोरून घ्या. सगळं चैत्रांगण नको. गोपद्म, कासव, हत्ती, कमळ, सूर्य, चंद्र, तुळस, असं ओळीत आणि मधे श्वास घ्यायला जागा. पांढरा रंग भरला की सूनबाईंच्या रंगसंगतीतच बसतं. पट्टी उभ्या भिंतीवरच लावा. ओट्याच्या आडव्या दगडात कोरलंत तर खाचांत कणीक बसेल.

रेखाटन तुम्हीच खऱ्या मापात, ट्रेसिंग पेपरवर काढून द्या. कारागिराकडे त्याच्या संगणकातली तयार नक्षी असते, ती तो आधी पुढे करेल. ती घेऊ नका. तुमच्या हाताचं कासव थोडं वाकडं असेल तर तो ते सरळ करायला जाईल, त्यालाही नाही म्हणा. आणि कोरायला देण्याआधी सूनबाईंना क्रम ठरवू द्या, हत्ती आधी की कमळ.

(प्रश्न पाठवताना भिंतीची लांबी-उंची, शेगडी आणि खिडकी कुठे आहे, आणि घर भाड्याचं आहे की स्वतःचं, एवढं लिहाच. दिवसाउजेडी काढलेला, दिवे बंद असतानाचा फोटो असेल तर उत्तम. ओटा आवरून फोटो काढू नका, रोज असतो तसा काढा.)